परसातलं बदक आणि अजाणतेपणाचा दोष

१९८४ साली अमेरिकेतल्या लाँग आयलंडवर, न्यूयॉर्क शहराच्या पूर्वेला असलेल्या एका गोल्फच्या मैदानात, सुमारे सातशे ब्रँट हंस मेले. ब्रँट हा काळ्या मानेचा, बुटका रानहंस, बदकाच्याच कुळातला. आर्क्टिकच्या काठाने घरटी करायची आणि हिवाळा अटलांटिकच्या किनाऱ्यावर काढायचा, हा त्याचा शिरस्ता. त्या भागात उतरलेला थवा अडीच हजारांच्या घरात होता, म्हणजे चारांत एकाहून जास्त पक्षी गेले. मैदानाच्या तीन पट्ट्यांवर डायझिनॉन नावाचं कीटकनाशक मारलं होतं. गवत कुरतडणाऱ्या किडी मराव्यात, एवढाच हेतू. नोंदी सांगतात की औषधाचं प्रमाण शिफारशीच्या आसपासच होतं आणि मारल्यानंतर गवताला पाणीही दिलं होतं. हंस नेहमीसारखे उतरले आणि ते गवत चरले.

पक्षी मारायचं कुणाच्याही मनात नव्हतं. मग ही हिंसा झाली की नुसता अपघात? झालीच असेल, तर ती कुणाच्या नावावर लिहायची? ज्याने फवारलं त्याच्या, ज्याने सांगितलं त्याच्या, की ज्याने बनवून विकलं त्याच्या? हा प्रश्न डायझिनॉनपेक्षा फार जुना आहे. आपल्याकडच्या धर्मविचारात त्यावर दोन-अडीच हजार वर्षं वाद झाला आहे. तो वाद आज परसातल्या खताच्या गोणीपर्यंत आणून पाहिला, तर तो किती ताजा आहे ते कळतं.

आधी बदकाकडे बघायला हवं, कारण सगळा प्रश्न त्याच्या चोचीपाशी सुरू होतो. बदक बरंचसं खाणं डोळ्यांनी शोधत नाही, चोचीने चाचपून शोधतं. चोचीच्या टोकाशी स्पर्श ओळखणारी सूक्ष्म इंद्रियं दाटीने असतात आणि कडेला चाळणीसारखे बारीक दाते असतात. चिखलात, ओल्या गवतात, डबक्यात चोच खुपसून ते पाणी गाळतं आणि हाताला, म्हणजे चोचीला, लागेल ते गिळतं. त्याला दात नाहीत. दळण्याचं काम पोटातली स्नायूंची पिशवी करते आणि त्या दळणासाठी बारीक खडे लागतात, म्हणून बदक खडे मुद्दाम वेचून खातं. हंस-बदकांचा हा स्वभाव माणसाने एकदा फार महागात शिकून घेतला आहे. शिकाऱ्यांच्या काडतुसातले शिशाचे छर्रे तळ्याच्या तळाशी साचत, बदकं ते खडे समजून गिळत आणि शिशाच्या विषाने मरत. अखेर १९९१पासून अमेरिकेत पाणपक्ष्यांच्या शिकारीत शिशाच्या छर्र्यांवर देशभर बंदी आली.

आता खताचा दाणा डोळ्यांसमोर आणावा. युरियाचा शुभ्र गोल दाणा असो, डीएपीचा करडा असो की सुफलाचा. आकार साधारण एक ते चार मिलिमीटर, टणक आणि गुळगुळीत. बदकाला हवा असलेला खडा आणि हा दाणा यांत फरक करायचं साधन निसर्गाने बदकाला दिलेलं नाही. हा दाणा मिठासारखा विरघळणारा क्षार आहे. पोटात गेला की आतड्याचा दाह करतो, तहान वाढवतो, जुलाब लावतो आणि जास्त गेला तर जीव घेतो. एखादा दाणा गिळल्याने बदक मरेलच असं नाही. पण गोणी उघडताना सांडलेला ढीग, आळ्यात मूठभर टाकून तसंच ठेवलेलं खत, खत विरघळून साचलेलं डबकं, या जागा बदकाला हमखास सापडतात. कारण तिथेच माती उकरलेली असते आणि तिथेच ओल असते.

तेव्हा नैतिक प्रश्नाचा पहिला धागा असा : ज्याला धोका ओळखताच येत नाही, अशा जिवाच्या वाटेत माणूस धोका टाकतो. मारण्याचा हेतू नसतो. तरीही मरण आलं, तर मरणाचं कारण तो असतो.

महाभारताच्या आदिपर्वात मांडव्य ऋषींची कथा येते. चोर त्यांच्या आश्रमात लपले, राजाच्या माणसांनी ऋषींनाच चोर ठरवलं आणि सुळावर चढवलं. कोणत्या पापाचं हे फळ, असं त्यांनी धर्मदेवाला विचारलं. लहानपणी तू किड्याला गवताची काडी टोचली होतीस, असं उत्तर मिळालं. मांडव्य संतापले. अजाण वयातल्या कृत्याला एवढी शिक्षा देणारा न्याय त्यांना मान्य नव्हता. त्यांनी धर्मालाच मनुष्ययोनीत जन्म घेण्याचा शाप दिला, तोच विदुर. आणि चौदा वर्षांच्या वयापर्यंत केलेलं कृत्य पाप ठरणार नाही, अशी मर्यादाही घालून दिली. कथा दोन्ही बाजू सांभाळते. किड्याची वेदना हिशेबातून सुटत नाही आणि अजाणतेपणालाही जागा मिळते. मात्र ती जागा चौदाव्या वर्षी संपते. मोठ्या माणसाला ‘मला ठाऊक नव्हतं’ एवढं म्हणून सुटता येत नाही, हा त्या मर्यादेचा दुसरा अर्थ सहसा कुणी सांगत नाही.

स्मृतिकारांनी हा प्रश्न घरात आणला. मनुस्मृतीने गृहस्थाच्या घरातल्या पाच हिंसास्थानांची यादी दिली आहे : चूल, पाटा-वरवंटा, केरसुणी, उखळ-मुसळ आणि पाण्याचा घडा. या पाचांपाशी रोज नकळत जीव मरतात, म्हणून गृहस्थाने रोज पाच महायज्ञ करावेत. त्यांतला एक भूतयज्ञ, म्हणजे प्राणिमात्रांसाठी अन्नाचा वाटा बाजूला काढणं. जेवणाआधी काढलेला कावळ्याचा, गाईचा, कुत्र्याचा घास घराघरांत याच विचारातून आला. घर चालवण्यात हिंसा आहे, हे इतक्या स्वच्छपणे कबूल करणारे धर्मग्रंथ जगात थोडे असतील. त्याच मनुस्मृतीत हंस, बगळा, मोर मारल्याबद्दल गाय दान करण्याचं प्रायश्चित्त आहे आणि जाणूनबुजून केलेलं पाप व नकळत झालेलं पाप यांची प्रायश्चित्तं वेगळी ठेवली आहेत.

ही मांडणी मोठी आहे, पण तिच्यात एक पळवाटही आहे. केरसुणीखाली मुंगी मेली तर संध्याकाळी घास काढून हिशेब मिटवता येतो, तसाच खतापायी बदक मेल्याचाही मिटवता येईल का? केरसुणीखालची मुंगी कितीही जपलं तरी सापडणारच होती. बदक सापडणारच होतं, असं म्हणता येत नाही. खत विरघळेपर्यंत खुराड्याचं दार लावलं असतं तरी ते जगलं असतं. टाळता न येणारी हिंसा आणि टाळता येणारी हिंसा एकाच प्रायश्चित्ताच्या टोपलीत टाकली की मन हलकं होतं आणि परसात काहीच बदलत नाही.

बौद्धांनी वेगळं टोक पकडलं. त्यांच्या मते कर्माचा गाभा चेतना, म्हणजे हेतू. धम्मपदाच्या पहिल्याच गाथेवर जी अट्ठकथा, म्हणजे टीका, आहे, तिच्यात चक्खुपाल नावाच्या आंधळ्या स्थविराची गोष्ट येते. पाऊस पडून गेल्यावर ते चंक्रमण करत, म्हणजे येरझारा घालत होते आणि त्यांच्या पायांखाली किडे मेले. इतर भिक्षूंनी तक्रार केली. बुद्धांनी विचारलं, त्यांना मारताना तुम्ही पाहिलंत का? नाही. जसं तुम्ही त्यांना पाहिलं नाही, तसं त्यांनी किड्यांना पाहिलं नाही, दोष नाही. मज्झिमनिकायातल्या उपालिसुत्तात तर नालंद्याच्या उपाली या धनाढ्य निगंठ, म्हणजे जैन, उपासकाशी बुद्धांचा याच मुद्द्यावर वाद आहे : मन थोर की शरीर, पापात वजन कशाचं जास्त? बुद्ध मनाच्या बाजूने उभे राहतात.

हा विचार नसता तर माणसाला पाऊल उचलणंही अशक्य झालं असतं. तरी चक्खुपालांच्या गोष्टीतला कळीचा शब्द ‘आंधळे’ हा आहे. त्यांना दिसतच नव्हतं. डोळे असलेल्या माणसाला तीच सूट देता येईल का? विनयपिटकाचं उत्तर बारकाईने वाचण्यासारखं आहे. ज्या पाण्यात जीव आहेत असं ठाऊक आहे, ते गवतावर किंवा मातीवर ओतणं हा भिक्षूसाठी दोष मानला आहे. जिवंत झाडझाडोरा तोडणं आणि जमीन खणणं यांवरही नियम आहेत. आणि भिक्षूला पाणी गाळायचं वस्त्र जवळ ठेवावं लागे. हे गाळणं महत्त्वाचं. हेतू शुद्ध असला की पुरे असतं, तर गाळणं कशाला हवं होतं? हेतूच्या शुद्धतेची खूण हीच की माणूस पाणी ओतण्याआधी गाळतो. बागेत पाणी ओतण्याबद्दल एवढा विचार करणाऱ्या परंपरेने खत ओतण्याबद्दल काय म्हटलं असतं, ते सांगायला मोठ्या पंडिताची गरज नाही.

या वादात सर्वांत नेमकं बोट ठेवलं ते जैन आचार्यांनी. उमास्वातींच्या तत्त्वार्थसूत्रात हिंसेच्या व्याख्येत दोन गोष्टी आहेत : प्रमाद आणि प्राणहरण. प्रमाद म्हणजे गाफीलपणा, बेफिकिरी, कषायांच्या, म्हणजे क्रोध-लोभादी विकारांच्या, अमलाखाली वागणं. कुंदकुंदाचार्यांनी प्रवचनसारात हे आणखी पुढे नेलं. जीव मरो की जगो, बेसावधपणे वागणाऱ्याला हिंसा लागतेच. आणि जपून चालणाऱ्या मुनीच्या उचललेल्या पावलाखाली एखादा जीव येऊन मेला, तरी त्याला कर्मबंध होत नाही.

या दोन वाक्यांनी प्रश्नाचं रूपच पालटतं. परसात खत उघडं टाकून ठेवलं आणि योगायोगाने बदक तिकडे फिरकलं नाही, तर साधा माणूस म्हणतो, काही झालं नाही ना, मग झालं. कुंदकुंदांच्या हिशेबाने मात्र हिंसा होऊन गेली आहे. बदक वाचलं ते त्याच्या नशिबाने. उलट, ज्याने खत मातीत मिसळलं, पाणी दिलं, सांडलेलं झाडून घेतलं, बदकं आत ठेवली, आणि तरी काही अघटित घडलं, तो दोषी नाही. म्हणजे तपासायचं ते मरण झालं की नाही हे नाही, हेतू चांगला होता की वाईट हेही नाही. त्या दिवशी माणूस जपून वागला का, एवढंच तपासायचं. आज कोर्टात ‘निष्काळजीपणा’ म्हणून जे सिद्ध करावं लागतं, त्याच्या जवळ जाणारा हा विचार आहे. पण कोर्ट सहसा नुकसान झाल्याशिवाय दार उघडत नाही. इथे नुकसानाच्या आधीच जबाब द्यायचा आहे.

यावर आक्षेप ठरलेला आहे : असं जपत बसलं तर शेती कशी व्हायची? त्याला उत्तर महाराष्ट्रातच आहे. कोल्हापूर, सांगली आणि सीमेपलीकडे बेळगाव भागात पिढ्यान्‌पिढ्या शेती करणारा मोठा जैन समाज आहे. रयत शिक्षण संस्थेचे कर्मवीर भाऊराव पाटील अशाच शेतकरी जैन घराण्यात कुंभोजला जन्मले. ही माणसं नांगर धरतात, उसाला खत घालतात. जैन गृहस्थधर्माने ठरवून केलेली संकल्पी हिंसा पूर्ण वर्ज्य मानली आणि घरकामात, उद्योगात होणारी आरंभी व उद्योगी हिंसा शक्य तितकी कमी करत जावी असं सांगितलं. शेतीला त्यातून वाट मिळाली, ढिलाईला मिळाली नाही.

आणि पाळलेल्या जनावराबद्दल तर या धर्माने फारच बारकाईने लिहून ठेवलं आहे. अहिंसाणुव्रताचे पाच अतिचार, म्हणजे व्रताला लागणारे दोष, सांगितले आहेत : बांधून ठेवणं, मारणं, अवयव छेदणं, ताकदीबाहेर ओझं लादणं आणि अन्नपाणी तोडणं. यांतला पहिला आणि पाचवा बदकवाल्याने पाठच करावा. खत टाकलं म्हणून बदकं कोंडायची हे बरोबर. पण कोंडली आणि पाण्याचं भांडं विसरलं, तर एक हिंसा टाळताना दुसरी झाली. बदकाला नुसतं पिण्यापुरतं पाणी भागत नाही. चोच आणि नाकपुड्या बुडवून धुता येतील एवढं खोल भांडं लागतं, नाहीतर खाल्लेला भरडा नाकपुड्यांत अडकतो आणि डोळेही खराब होतात.

ज्यू धर्मशास्त्राने हाच प्रश्न खड्ड्याच्या रूपाने मांडला आहे आणि तो इथे फार उपयोगाचा आहे. बायबलच्या निर्गम पुस्तकात, एकविसाव्या अध्यायात, नियम आहे की कुणी खड्डा खणून उघडा ठेवला आणि त्यात बैल किंवा गाढव पडलं, तर खड्ड्याच्या मालकाने भरपाई द्यावी. अलिबागच्या किनाऱ्यावर पूर्वी तेलघाणे चालवणाऱ्या आणि शनिवारी घाणा बंद ठेवणाऱ्या मराठीभाषक बेने इस्राएल समाजाचा हाच धर्मग्रंथ. पुढे मिश्ना या ज्यू धर्मनियमांच्या संहितेत, बाबा कामा या भागात, नियमाची फोड झाली. खड्डा नीट झाकला होता आणि तरी जनावर पडलं, तर मालक सुटतो. धड डोळे-कान असलेला बैल पडला, तर त्यानेही बघून चालायला हवं होतं. पण बहिरा, वेडा किंवा लहान बैल पडला, तर मालक जबाबदार. कारण ज्याला धोका ओळखता येत नाही, त्याच्यासाठी खड्डा झाकण्याचं काम खणणाऱ्याचंच.

खताच्या दाण्यापुढचं बदक हा तो बहिरा बैल आहे. त्याच्या चोचीला नायट्रोजन कळत नाही. आणि पाळीव बदकाच्या बाबतीत आणखी एक गोष्ट भर घालते : त्याला तिथे माणसाने आणलं आहे. पिढ्यान्‌पिढ्यांच्या निवडीने त्याचं अंग जड केलं, बहुतेक जातींची उडण्याची ताकद गेली, वर त्याच्या भोवती कुंपण घातलं. रानबदक तळं सोडून जाऊ शकतं. परसातलं बदक कुठे जाणार? लीळाचरित्रात चक्रधर स्वामींनी मांडीखाली आलेल्या सशाला शिकाऱ्यांपासून राखल्याची हकीकत आहे. तो ससा आपल्या पायांनी आश्रयाला आला होता. बदकाला तर आपण स्वतः आश्रयाला आणून बसवलं. त्याचं रक्षण हा दयेचा भाग उरत नाही. ते देणं आहे.

इथवर आल्यावर प्रस्तुत लेखाचा कौल स्पष्टच आहे. ‘मुद्दाम केलं नाही’ हे उत्तर परसातल्या जिवाबाबत पुरेसं नाही. ज्याला पाहता येत होतं, वाचता येत होतं, दार लावता येत होतं आणि त्याने यांतलं काही केलं नाही, त्याला दोष लागतो. धर्म मानणाऱ्याला पापाचा, न मानणाऱ्याला माणुसकीचा.

मात्र जपायचं म्हणजे काय, हे रसायन जाणून घेतल्याशिवाय कळत नाही. आणि नुसत्या सद्भावनेने वागणारे इथेच चुकतात. ‘सेंद्रिय म्हणजे निर्धोक’ ही समजूत सर्वांत घातक. एरंडी पेंड रोपवाटिकेत सर्रास मिळते आणि गुलाबाला, माडाला मोठ्या श्रद्धेने घातली जाते. एरंडाच्या बीमध्ये रिसिन हे अत्यंत जहाल विष असतं. तेल गाळलं तरी ते तेलात उतरत नाही, पेंडीतच राहतं, आणि पुरेशी उष्णता दिली नसेल तर तिथे जिवंत असतं. एरंडाच्या बिया खाऊन रानबदकं मेल्याच्या नोंदी अमेरिकेत टेक्ससमधून आहेत. बदकं असलेल्या परसात एरंडी पेंड नकोच. हाडांच्या आणि रक्ताच्या चुऱ्याचा वास खाण्यासारखा, म्हणून जनावरं तो शोधून खातात. मासळीचं खत उघड्यावर कुजू दिलं, तर माश्या, अळ्या आणि त्यांच्याबरोबर बोट्युलिझमचा जिवाणू. ही विषबाधा झालेल्या बदकाची मान लुळी पडते आणि ते पाण्यात असेल तर बुडून मरतं.

दुसरी गोष्ट, पिशवीत नुसतं खत आहे का? परदेशातल्या लॉनसाठी खत आणि तणनाशक, कधी कीटकनाशकही, एकाच पिशवीत विकतात. अमेरिकेत किंवा इंग्लंडात घर घेतलेल्या मराठी कुटुंबांनी पिशवीवरचा बारीक मजकूर यासाठी वाचायचा. गोगलगायींसाठी टाकायच्या मेटाल्डिहाइडच्या गोळ्या उघड्यावर वापरायला ब्रिटनमध्ये २०२२च्या वसंतापासून बंदी आली, कारण त्या पक्ष्यांना आणि सस्तन प्राण्यांना मारत होत्या. बदक तर गोगलगायीही आवडीने खातं. आपल्याकडे भातखाचरात, केळीत फोरेट हे दाणेदार कीटकनाशक वर्षानुवर्षं मुठीने टाकलं गेलं. ते खतासारखंच दिसतं आणि खताच्याच शेजारी ठेवलेलं असायचं. २०२०च्या डिसेंबरअखेर भारतात त्यावर बंदी आली. पण कोठारात पडून राहिलेल्या जुन्या पुड्याला बंदीची तारीख कळत नाही. तो कोंबड्या-बदकांच्या खाद्यापासून लांब काढणं हे आजचं काम आहे.

साध्या रासायनिक खतापुरतं जपणं तसं सोपं आहे. दाणा वर पसरून सोडायचा नाही, मातीत मिसळायचा आणि लगेच भरपूर पाणी द्यायचं, म्हणजे गिळायला दाणाच उरत नाही. खताचं पाणी साचू द्यायचं नाही. दाणे पूर्ण विरघळून जमीन वाळेपर्यंत बदकं आत. पिशवीवर मुदत लिहिली असेल तर तेवढी. मुसळधार पावसाच्या तोंडावर खत टाकायचं नाही. ते वाहून तळ्यात गेलं की नायट्रोजन-फॉस्फरसवर शेवाळ माजतं, त्यातल्या निळ्या-हिरव्या जाती पाण्यात विष सोडतात, आणि खत टाकल्यावर कित्येक दिवसांनी, कुणाला संबंधही लागणार नाही अशा वेळी, बदकं मरतात. कुंदकुंदांचा प्रमाद असा लांब पल्ल्याचाही असतो.

आणि लाँग आयलंडच्या हंसांचं काय? तिथे तर शिफारस पाळूनही पक्षी मेले. पिशवीवरचा मजकूरच अपुरा असेल, तर वाचणाऱ्याचा दोष किती? इथे जबाबदारी वर सरकते. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने गोल्फ मैदानं आणि हिरवळीच्या शेतांवर डायझिनॉन बंद करण्याचा आदेश १९८८मध्ये काढला. उत्पादक सिबा-गायगी कंपनी कोर्टात गेली. फवारलेल्या बहुतेक मैदानांवर पक्षी मरत नाहीत, मग हे औषध ‘सर्वसाधारणपणे’ अपाय करतं असं कसं म्हणता, हा तिचा मुद्दा. १९८९मध्ये अपील न्यायालयाने आदेश फेरविचारासाठी परत पाठवला, पण धोक्याबद्दल एक महत्त्वाची गोष्ट सांगितली : दरवेळी किंवा निम्म्याहून अधिक वेळा मरण व्हायलाच हवं असं नाही, अपायाची लक्षणीय शक्यता वारंवार निर्माण होत असेल, तर तोही अपायच. पुढे १९९०मध्ये बंदी पक्की झाली. २००४अखेर तिथल्या घरगुती बागांतूनही डायझिनॉन गेलं.

जीव मरो वा जगो, बेसावध वागणं हाच दोष, असं प्रवचनसारात आहे. अमेरिकन कायदा कित्येक शतकांनी आणि सातशे हंसांनंतर त्याच्या जवळपास पोहोचला. हे वाचून कुणी अभिमानाने फुगू नये. ज्या देशात हा विचार आधी झाला, त्याच देशात फोरेट २०२०पर्यंत दुकानात होतं.

जैन श्रावकाचाराने आणखी एक प्रश्न विचारला आहे, तो जास्त अडचणीचा आहे. अनर्थदंड, म्हणजे कारणावाचून केलेली हिंसा, टाळावी असं व्रत आहे. समंतभद्रांच्या रत्नकरंड श्रावकाचारात त्याचे पाच प्रकार आहेत. त्यांत विष-शस्त्रं दुसऱ्याच्या हाती देणं येतं, आणि प्रमादचर्या, म्हणजे उगाच जमीन खणणं, पाणी सांडणं, झाडं तोडणं, हेही येतं. भाताला खत घातलं तर त्यामागे पोट आहे. पण नुसत्या हिरव्यागार दिसण्यासाठी राखलेल्या, कुणी न खाणाऱ्या, दर आठवड्याला कापून फेकायच्या गवताला खत घालताना कोणतं कारण सांगणार? सौंदर्य हेही कारण आहे, हे मान्य. पण ते बदकाच्या जिवापेक्षा हलकं आहे, हेही मान्य करायला हवं. हिरवळ थोडी पिवळी पडली तर कुणाचं काही जात नाही.

शिवाय ज्याच्या दारात बदकं आहेत, त्याच्या दारात खतही आहे. जपानमधल्या फुकुओका प्रांतातले शेतकरी ताकाओ फुरुनो यांनी १९८८पासून भातखाचरात बदकाची पिल्लं सोडायला सुरुवात केली. रोपं लागली की पिल्लं आत सोडायची. ती तण खातात, किडी खातात, चिखल ढवळतात आणि विष्ठेने शेताला पोसतात. लोंब्या धरू लागल्या की त्यांना बाहेर काढायचं, नाहीतर दाणेही खातील. केरळात कुट्टनाडमध्ये कापणीनंतरच्या खाचरांतून बदकांचे मोठाले कळप फिरवण्याची रीत त्याहून जुनी आहे. परसातही हे लहान प्रमाणात जमतं : बदकांच्या टाकीतलं गढूळ पाणी माडाच्या, केळीच्या आळ्यात सोडावं, खुराड्यातला पेंढा आणि विष्ठा खड्ड्यात चांगली कुजवून मग वापरावी. ताजी विष्ठा पालेभाजीला घालू नये, तिच्यात माणसाला आजारी पाडणारे साल्मोनेलासारखे जिवाणू असू शकतात. इथेही जपणं आहेच, फक्त विकतच्या गोणीची गरज बरीच कमी होते.

ज्यांच्या परसात बदकं आहेत त्यांना एवढीच विनंती आहे. गोणी उघडण्याआधी तिच्यावरचा मजकूर शेवटच्या ओळीपर्यंत वाचावा. बदकं आत घ्यावीत आणि त्यांना खोल भांड्यात पाणी भरून ठेवावं. सांडलेले दाणे केरसुणीने गोळा करावेत, गोणीचं तोंड बांधून ती उंचावर आणि खाद्यापासून दूर ठेवावी. आणि बदक सुस्त दिसलं, मान टाकू लागलं, तर ती पिशवी घेऊन त्याच दिवशी पशुवैद्याकडे जावं. पोटात काय गेलं हे कळलं, तर उपचाराला दिशा मिळते.